पाठमोरी आस्ता

एल्सेबेथच्या संसारात एक बेत असा होता, की तो दर वसंतात नव्याने ठरायचा आणि पानगळीपर्यंत कुणाच्या लक्षातही न येता विरून जायचा. फ्योर्डच्या खाडीपलीकडे सिलविग गावात थोर्वाल्ड एस्केर या चित्रकाराचं संग्रहालय आहे. त्याचंच राहतं घर, आणि आत त्याचीच चित्रं. ते बघायला जायचं, एवढाच बेत. कोपनहेगन गाठायचं नव्हतं की पॅरिस. फेरीबोटीने पाणी ओलांडायचं, पुढे तासाभराची वाट, आणि संध्याकाळी परत आपल्या घरी. पण दुभत्या जनावरांच्या घरात माणसाचं जग दोन धारांच्या मध्ये जेवढं मावेल तेवढंच असतं. लग्नाच्या वर्षी जायचं ठरलं, तर पहिलटकरीण गाय अडली. पुढच्या वर्षी डोर्ते पोटात होती आणि बोटीच्या नुसत्या नावाने एल्सेबेथला ढवळून यायचं. मग गवतकापणी, मग सासऱ्यांचं आजारपण, मग गोठ्याचं नवं छप्पर. नवरा, एवाल्ड, दर वेळी म्हणायचा, "संग्रहालय काय पळून जातंय?" त्याचं खोटं नव्हतं. संग्रहालय कुठेच गेलं नाही. एल्सेबेथच जाऊ शकत नव्हती.

या बेतामागे चित्रांची आवड होती म्हणावं, तर तसंही नाही. एल्सेबेथच्या घरात भिंतीवर एक बॅरोमीटर, नातवंडांचे फोटो आणि दूध डेअरीचं कॅलेंडर, एवढंच. तिला बघायचं होतं ते एकच चित्र. तिची आई, आस्ता, लग्नाआधी एस्केरच्या घरी कामाला होती. स्वयंपाक, धुणं, शेगडी, सगळं तिच्याकडे. त्या दिवसांत एस्केरने रंगीत खडूंनी तिचं एक चित्र काढलं होतं. पुढे आस्ताचं लग्न झालं, मुलगी झाली, आणि मुलगी सहा वर्षांची असताना आस्ता छातीच्या दुखण्याने गेली.

सहा वर्षांच्या मुलीला खरं तर पुष्कळ आठवायला हवं. पण एल्सेबेथच्या मनात आईच्या जागी नुसती जागाच होती. फोटो दोन होते, दोन्ही फोटोग्राफरच्या दुकानातले. एक चर्चमधल्या धर्मदीक्षेच्या वेळचा आणि एक लग्नाचा. दोन्हींत आस्ता 'हलू नका' असं बजावल्यावर माणूस जसं थिजतं तशी थिजलेली. एल्सेबेथला वाढवलं मेतामावशीने. मावशी जेवूखाऊ घालण्यात उदार आणि शब्दांच्या बाबतीत फार चिक्कू. आई कशी होती विचारलं की म्हणायची, "चांगली होती. कामाची होती." आणि लगेच पुढे जोडायची, "तू काही तिच्यावर गेली नाहीस. नाक बापाचं, हनुवटी बापाची, हात तर थेट तुझ्या आजोबांचे." हे ती वाईटपणाने म्हणत नसे. जसं दिसतं तसं सांगायचं, हा त्या किनाऱ्यावरच्या माणसांचा धर्मच आहे. पण एल्सेबेथ मोठी झाली, बाई झाली, आई झाली, आजी झाली, तरी ते वाक्य तिच्या अंगावर मापाला न बसलेल्या कोटासारखं राहिलं. आपण ज्या बाईच्या पोटातून आलो तिचं आपल्यात काहीच नसावं?

चित्राबद्दलही मावशीने एकदाच तोंड उघडलं होतं. "त्यात काय बघायचंय? नुसती पाठ आहे. तोंड काढायला त्या माणसाला सवड झाली नाही."

पाठ तर पाठ. दुकानात जाऊन बसलेली आई नको होती एल्सेबेथला. घरात वावरणारी, कुणी बघतंय हे विसरलेली आई हवी होती.

एकदा ती तिथवर पोचलीही होती. डोर्ते शाळेत जायला लागली त्या वर्षी एवाल्डच्या भावाने एक दिवस गोठा सांभाळला आणि दोघं सिलविगला गेली. बोटींची, चिखलाची, म्हाताऱ्या कोळ्यांची तैलचित्रं बघून झाली. आस्ता कुठेच नाही. दारावरच्या बाईने समजावून सांगितलं, की खडूच्या चित्रांना उजेड खातो. ती अंधारात खणांमध्ये ठेवलेली असतात, कैक वर्षांतून एकदा थोडे दिवस बाहेर येतात. आधी पत्र टाकलं असतं तर खण उघडून दाखवता आला असता. एल्सेबेथने मान डोलावली, आभार मानले, आणि तसं पत्र पुढे कधीच टाकलं नाही. एकट्या आपल्यासाठी कुणाला कपाटं उघडायला लावायची? आपण कोण लागून गेलो? तिकडच्या माणसांना उपाशी राहणं जमतं, पण ताटात वाढून मागणं जमत नाही. संग्रहालयाच्या पुस्तकात ते चित्र होतं म्हणा, पण काळं-पांढरं आणि काड्यापेटीएवढं. त्यात पाठ कुठली आणि भिंत कुठली हेही कळत नव्हतं.

गायी विकल्या, शेत भाड्याने दिलं, एवाल्डचे केस गेले आणि एल्सेबेथचे पांढरे झाले. मग एका मे महिन्यात ती केस सेट करायला गेली असताना, ड्रायरच्या घरघरीत, केशकर्तनवालीने सहज सांगितलं, की तिची आत्या सिलविगला रविवारी संग्रहालयाच्या दारावर बसते, आणि या महिन्यात एस्केरची खडूची चित्रं बाहेर काढली आहेत. महिना संपला की परत दहा वर्षं खणात.

एल्सेबेथने ड्रायरखालून डोकं बाहेर काढलं. "दहा?"

"आत्या तरी तसं म्हणाली."

घरी येईपर्यंत तिने हिशेब केला होता. संग्रहालय गावातली हौशी मंडळी चालवतात, ते फक्त रविवारी उघडतं. पहिला रविवार होऊन गेला होता. दुसऱ्या रविवारी नातीची धर्मदीक्षा, ती काही चुकवता येत नाही. तिसऱ्या रविवारी निघायची तयारी झाली आणि एवाल्डची दाढ अशी ठणकली की तो सबंध दिवस गालाला गरम पिशवी लावून भिंतीकडे तोंड करून पडला. राहिला शेवटचा रविवार. आणि त्या रविवारी त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती.

आता कुणाला वाटेल, यात अडचण ती काय? उलट चांगला मुहूर्त. पण डेन्मार्कमधल्या युटलंडच्या त्या भागात लग्नाची पंचविशी किंवा पन्नाशी ही नवराबायकोची खासगी गोष्ट नसते. ती रस्त्याची असते. आदल्या रात्री शेजारी कुणाच्या तरी कोठारात जमतात, फर झाडाच्या डहाळ्यांची कमान बांधतात, तिच्यात सोनेरी कागदाची फुलं आणि दिवे खोवतात. पहाटे ती गुपचूप दाराला उभी करतात आणि तुतारीच्या सुरावर गाणी म्हणून जोडप्याला उठवतात. जोडप्याने झोपमोड झाल्यासारखं डोळे चोळत बाहेर यायचं, दचकायचं, आणि मग सगळ्यांना न्याहारीला आत बोलवायचं. दचकणारी बाई रात्रीच केस बांधून झोपलेली असते आणि तिच्या घरात पावांची रास लागलेली असते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी दचकायचं.

आणि या कमानींचा कारभारी होता एवाल्ड. लाकडाचा सांगाडा त्याच्या हातचा. चाळीस वर्षं तो सांगाडा त्याच्या शेडमध्ये माळ्यावर असे आणि पंचक्रोशीतल्या दारादारांत जाऊन येई. डहाळी कोणत्या अंगाने वळवावी, तार किती आवळावी, हे त्याला विचारल्याशिवाय कुणी करत नसे. एरवी सभेत मागच्या बाकावर बसणारा माणूस, पण कमानीच्या रात्री शिडीवर चढून तो सगळ्यांना कामाला लावायचा. तेवढा एकच त्याचा रुबाब.

एल्सेबेथने जेवणानंतर विषय काढला. त्या दिवशी पहाटगाणं नको, मला सिलविगला जायचंय, असं सरळ सांगितलं. एवाल्डने बटाट्याची सालं एका बाजूला लोटली आणि खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "रिग्मोरला वाईट वाटेल."

रिग्मोर म्हणजे समोरच्या घरची. वयाने दोघांपेक्षा मोठी, विधवा, दारूच्या थेंबाला न शिवणारी, चर्चमधली सगळी स्तोत्रं पाठ असलेली. या रस्त्यावर कोण कधी जन्मलं, कुणाचं लग्न कधी झालं, ते तिला सांगावं लागत नसे.

"वाटू दे," एल्सेबेथ म्हणाली. आपण असं म्हणालो याचं तिलाच नवल वाटलं. "मला पुन्हा दहा वर्षं वाट बघायची नाहीये, एवाल्ड."

तो "बरं" म्हणाला. त्याचं 'बरं' म्हणजे शिक्का, पुढे चर्चा नाही.

पहाटगाणं नको असेल तर ते स्थानिक साप्ताहिकात छापायची पद्धत आहे. एल्सेबेथने दोन ओळींचा मजकूर सांगितला: पहाटगाण्याची तसदी घेऊ नये, त्या दिवशी आम्ही बाहेरगावी आहोत. एवाल्डला दाढेच्या डॉक्टरकडे जायचंच होतं, तो जाता जाता साप्ताहिकाच्या कचेरीत सांगून आला. अंक आला त्या दिवशी एल्सेबेथ डोर्तेकडे होती. ती परतली तेव्हा अंक शेकोटीच्या लाकडांखाली गेला होता. तिने पाव मागवले नाहीत. फेरीबोटीच्या वेळा फ्रिजवर चिकटवल्या, निळा ड्रेस इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. शनिवारी एवाल्ड शेडमधून जरा घाईनेच बाहेर आला आणि शेडमध्ये काय काम होतं विचारल्यावर, "काही नाही, बघत होतो," म्हणाला. एल्सेबेथच्या डोक्यात सिलविग होतं. तिने पुढे विचारलं नाही.

रविवारी पहाटे तिला जाग आली ती बाहेर कुणीतरी दबक्या आवाजात 'शू' केल्यामुळे. मग शिडी कुडाला घासल्याचा आवाज. मग डिंकाचा, ताज्या तोडलेल्या फरचा वास, खिडकीच्या फटीतून आत येणारा. शेजारी एवाल्ड उताणा पडला होता, डोळे मिटलेले. इतके घट्ट मिटलेले, की झोपलेला माणूस असे मिटत नाही.

"एवाल्ड," ती म्हणाली. "हे काय आहे?"

तेवढ्यात तुतारी वाजली.

बाहेर अख्खा रस्ता उभा होता. धुकं अजून कुरणावर होतं, बायकांनी कोटांखाली चांगले कपडे घातले होते, आणि मध्ये रिग्मोर सगळ्यांच्या अर्धी मात्रा पुढे राहून गात होती. कमान देखणी झाली होती. वरच्या बाजूला दिव्यांनी पन्नासचा आकडा. एवाल्ड पायजम्यावर कोट चढवून दारात उभा राहिला आणि त्या कमानीकडे बघत राहिला. डहाळ्यांच्या गाठी कुठे सैल आहेत ते तो शोधत होता का, कोण जाणे.  एल्सेबेथ मात्र त्या पंचक्रोशीत खरोखर दचकलेली पहिलीच बाई असेल. गाणं संपेपर्यंत तिच्या डोक्यात एकच, की घरात शिळ्या काळ्या ब्रेडचे चार काप आहेत आणि दारात तीस माणसं.

पण तीही काळजी रिग्मोरने घेतली होती. दोन टोपल्या भरून गरम पाव, लोणी, चीज, जॅम. "तू छापून आणलंस म्हणजे तू पाव आणणार नाहीस, एवढं मला कळतं," ती आत शिरता शिरता म्हणाली आणि ओट्याशी उभी राहून कॉफी करायला लागली, जणू तिचंच घर.

मग जे होतं ते झालं. टेबलं जोडली गेली, खुर्च्या कमी पडल्या, मंडळी पायरीवर आणि लाकडाच्या पेटीवर बसली. कडू दारूचे छोटे पेले फिरले. तुतारीवाला स्वेन दर दहा मिनिटांनी उठून जोडप्याच्या नावाने पेला उंचावायचा आणि सगळ्यांना उठावं लागायचं. एवाल्डचे कान लाल झाले होते. कुणीतरी त्याला कमानीच्या डाव्या पायाबद्दल विचारलं आणि तो हातवारे करून समजावू लागला. त्याला इतकं बोलताना एल्सेबेथने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. ती हसत होती, पाव वाढत होती, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं टाळत होती. नऊची बोट गेली. दहाची गेली. न्याहारी काही संपायचं नाव घेईना. ती संपतही नसते. दुपारच्या सूपपर्यंत ती ताणायची असते, हेही ठरलेलंच.

अकराची बोट जायची वेळ झाली तेव्हा एल्सेबेथ रिकामी किटली घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिथेच उभी राहिली. किटली भरेना, खाली ठेवेना. रिग्मोर सिंकशी कप विसळत होती. मागे वळून न बघताच म्हणाली, "दमलीस? बस जरा. मी बघते."

"मी दमले नाही," एल्सेबेथ म्हणाली. आणि मग तिच्या तोंडून ते गेलं. "रिग्मोर, मला जायचंय. सिलविगला. आज. माझ्या आईचं चित्र आजच्या दिवस लावलेलं आहे, मग ते दहा वर्षं आत जाणार. मी माझ्याच घरात उभी राहून तुम्हां सगळ्यांना जा म्हणतेय, हे मला कळतंय. पण मला जायचंय."

रिग्मोरने नळ बंद केला. हात पुसले. एकेक बोट वेगळं पुसलं.

"मग बाहेरगावी जातोय असं का नाही छापलंस?"

"छापलं होतं."

"नव्हतं. नुसतं 'नको' होतं. मी तीनदा वाचलं. अगं, 'नको' काय सगळेच म्हणतात. नको म्हणणाऱ्याकडे गेलं नाही, तर तो दोन वर्षं तोंड फुगवून बसतो. वळणावरच्या घरच्यांचं विसरलीस? 'बाहेरगावी' म्हटलं असतं तर मी माणसांना अंगणातही पाऊल टाकू दिलं नसतं."

स्वयंपाकघराच्या दारात एवाल्ड उभा होता. हातात उष्ट्या पेल्यांचा ट्रे. त्याने सगळं ऐकलं होतं.

एल्सेबेथने त्याच्याकडे नुसतं बघितलं.

"सकाळी आपण घरीच होतो की," तो म्हणाला. "नऊला निघणार होतो. बाहेरगावी आहोत असं कसं छापायचं? खोटं झालं असतं." मग त्याने ट्रेकडे बघितलं. "आणि दुसरं म्हणजे..." तो थांबला. दुसरं त्याला सांगता आलं नाही. पण त्याचे लाल कान आणि खिडकीतून दिसणारी ती कमान, दोन्ही एल्सेबेथच्या समोर होती. चाळीस वर्षं या माणसाने दुसऱ्यांच्या दारात शिडी लावली होती. तिला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडणं जमत नव्हतं. तसा राग फार वाईट. तो ज्याच्यावर काढायचा त्याचंच खरं वाटत राहतं.

"गाडीची किल्ली कुठंय?" रिग्मोरने विचारलं.

"खुंटीवर. पण एवाल्ड..."

"एवाल्ड कसला चालवतोय. चार पेले झालेत त्याचे, चौथा मी डोळ्यांनी पाहिला. तुझेही दोन झालेत. या घरात धड शुद्धीवर मी एकटीच आहे, नेहमीसारखी." तिने ॲप्रन काढून खुर्चीवर टाकला, बाहेरच्या खोलीत गेली आणि टेबलाला उद्देशून म्हणाली, की नवरानवरी निघाली आहेत, त्यांना काम आहे. उरलेलं सगळं खाऊन टाका, भांडी घासा, आणि जाताना कमानीचे दिवे मालवा.  मग कुणीतरी म्हणालं, "पळून चाललेत की काय लग्नानंतर पन्नास वर्षांनी?" हशा पिकला, आणि स्वेनने उभं राहून त्यांना तुतारी वाजवून वाटेला लावलं.

रिग्मोर गाडी अशी चालवायची की मागे रांग लागायची. बाराची बोट त्यांच्या डोळ्यांदेखत धक्क्यावरून सुटली. पुढच्या बोटीची वाट बघत तिघं गाडीतच बसून राहिली. पाणी करडं, त्यावर करडे पक्षी. एल्सेबेथ पुढे बसली होती, एवाल्ड मागे. बऱ्याच वेळाने तो पुढे वाकला.

"थंडी वाजतेय का तुला?"

"नाही."

"माझा कोट आहे."

"नको."

हे त्याचं माफी मागणं होतं. ते ओळखायला पन्नास वर्षं पुरेशी होती. 'नको' म्हणूनही तिने हात मागे केला आणि त्याने कोट तिच्या हातात दिला.

सिलविगला पोचेपर्यंत संग्रहालय बंद व्हायला थोडाच अवकाश होता. दारावरची वयस्क बाई, बहुतेक तीच आत्या, कॉफीचे कप आवरायला लागली होती. रिग्मोर म्हणाली, मला चित्रातलं काही कळत नाही, मी इथे बाकावर बसते, आणि बसलीही. थर्मास तिने बरोबर आणला होता. तो तिने कधी भरला ते कुणालाच कळलं नव्हतं.

खडूची चित्रं मागच्या खोलीत होती. पडदे ओढलेले, दिवे मंद. डोळे सरावायला वेळ लागला. एल्सेबेथने डावीकडून सुरुवात केली. एक होडी, एक झोपलेलं मांजर, पाऊस पडून गेलेला रस्ता. आणि मग ते.

तिला वाटलं होतं त्यापेक्षा लहान होतं. पाव कापायच्या पाटाएवढं. खाली लिहिलं होतं, 'स्वयंपाकघर, सकाळ'. कुणाचं नाव नाही. टेबलाशी उभी एक बाई, बाह्या वर सारलेल्या, समोर भांडं, बाजूच्या खिडकीतून मऊ उजेड. फिकट निळं पोलकं, मानेवर सैल झालेला अंबाडा. पाठच होती. मावशी खोटं बोलली नव्हती.

एल्सेबेथ बघत राहिली. काहीतरी होईल असं तिला वाटत होतं. आत काहीतरी हलेल, एखादी हाक ऐकू येईल. तसं काही झालं नाही. बाई पाठमोरी उभी होती आणि तिला वळून बघायची गरज वाटत नव्हती. ही कुणीही असू शकली असती. त्या काळी अशी निळी पोलकी घालून किती मुली किती स्वयंपाकघरांत उभ्या असतील. एवढ्यासाठी तीस माणसं टेबलावर टाकून आपण आलो? तिला त्या चित्रकाराचा राग आला. स्वयंपाकघराला नाव दिलं, सकाळला नाव दिलं, हिला मात्र नाही.

एवाल्ड तिच्या मागे येऊन उभा राहिला. खिशातून चष्मा काढला, रुमालाने पुसला, लावला. मान वाकडी करून चित्र बघितलं. मग नाकातून हसला.

"काय झालं हसायला?"

"ही तूच आहेस की."

"उगीच बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस. मी बापावर गेलेय, सगळ्यांना माहितीये."

"तोंडाचं मला ठाऊक नाही," एवाल्ड म्हणाला. "तुझं तोंड मी फार बघितलेलं नाही. सकाळी तू ओट्याशी असतेस आणि मी टेबलाशी. कॉफी होईपर्यंत दुसरं बघायचं काय? पन्नास वर्षं पाठच बघतोय." त्याने हात वर केला, चित्राला लागणार नाही इतका दूर ठेवून. "डावा खांदा बघ, उजव्याहून वर. काहीतरी ढवळताना तुझाही असाच चढतो. आणि तो पाय."

एल्सेबेथने पायाकडे बघितलंच नव्हतं. कोण बघतं? चित्रातल्या बाईने एका पायावर सगळा भार टाकला होता. दुसऱ्या पायाची टाच लाकडी बुटातून बाहेर काढून तिने पहिल्या पायाच्या घोट्यावर टेकवली होती, बगळ्यासारखी.

"मी अशी उभी राहते?"

"रोज."

"मग इतक्या वर्षांत कधी बोलला का नाहीस?"

"त्यात बोलायचं काय? मला वाटलं, तुला माहीत असेल."

"स्वतःची पाठ कुणाला माहीत असते, एवाल्ड?"

 त्याने तिच्या पायांकडे बोट दाखवलं. "खाली बघ."

तिने खाली बघितलं. निळ्या ड्रेसखाली तिचा उजवा पाय जमिनीवर घट्ट होता. डाव्या पायाचा बूट रिकामा पडला होता आणि टाच घोट्यावर. केव्हा गेली तिथे, तिला पत्ता नव्हता. आपल्या पायाकडे ती परक्या माणसाच्या पायाकडे बघावं तशी बघत राहिली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मेतामावशी तर दोन्ही पायांवर खांबासारखी उभी राहायची.

दारावरची बाई आत आली आणि हळूच म्हणाली, की आता बंद करायची वेळ झाली. एल्सेबेथने पाय बुटात घातला नाही. "एवढं थांबा," ती म्हणाली. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच तिने कुणाला आपल्यासाठी थांबायला सांगितलं, आणि ती बाई खरंच थांबली.

एवाल्ड दोन पावलं मागे सरकला. दोघींना एकदम बघायला तेवढं अंतर लागत होतं.